मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांचा उजवा पाय एकतीस वर्षं नोकरीत होता, आणि त्यानं एकदाही रजा घेतली नव्हती.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. दोन खोल्यांचं स्कूल, दारात एक गाडी, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि टेबलामागे मास्तरीणबाई. शिकणारा स्टिअरिंगवर बसायचा, मास्तर त्याच्या शेजारी, आणि मास्तरांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा ब्रेक. एका दांड्यानं तो खऱ्या ब्रेकला जोडलेला. मास्तरांनी दाबला की पलीकडचाही दबायचा आणि गाडी थांबायची. असा जादा ब्रेक सगळ्याच स्कूलच्या गाड्यांना असतो. बाकीचे मास्तर तो गरज पडली तर वापरतात, एवढाच फरक.

इतक्या वर्षांत त्या पायाला मास्तरांना विचारायची सवय राहिली नव्हती. सोफ्यावर बसून टीव्ही बघताना पडद्यावरची गाडी वळणावर आली की तो दबायचा. दातांच्या डॉक्टरकडे खुर्ची मागे झुकायला लागली की दबायचा. लिफ्ट खाली येताना तळमजल्याच्या जरा आधी तो हलकेच दबायचा, लिफ्ट थांबायची, आणि मास्तर आजूबाजूच्या लोकांकडे असं बघायचे की कुणी आभार मानले नाहीत तरी चालेल.

मास्तरीणबाईंना या पायाचं हसू यायचं. पण अलीकडे कमी.

कारण त्या स्वतः ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झाल्या होत्या. गावभरच्या शिकाऊ लोकांचे फॉर्म त्यांनी भरले, नियमांचं पुस्तक त्यांना पाठ, कुठल्या खुणेला किती कोपरे असतात हे त्या झोपेतून उठवलं तरी सांगतील. आणि तिन्ही वेळा इन्स्पेक्टरनं कागदावर एकच शेरा मारला होता: "ब्रेक उशिरा. परीक्षकाला दाबावा लागला."

त्याचं कारण साधं होतं. बाईंना ब्रेक दाबताच येत नव्हता. त्यांनी तो कधी दाबलाच नव्हता. मास्तरांनी शिकवायला घेतलं, तेव्हापासून समोर लाल दिवा दिसला की बाई पाय उचलायच्या, आणि तेवढ्यात गाडी थांबलेली असायची. लाल दिवा दिसला की गाड्या थांबतात, अशीच त्यांची समजूत झाली होती. परीक्षेच्या दिवशी शेजारी इन्स्पेक्टर बसला की गाडीचा हा गुण अचानक नाहीसा व्हायचा.

आता चौथी संधी होती आणि ती शेवटची. यात नापास झाल्या की शिकाऊ परवान्याची मुदत संपणार आणि पुन्हा डोळ्यांच्या तपासणीपासून सुरुवात. तारीख महिन्यावर आली होती.

"तुला कशाला हवंय लायसन्स?" मास्तर म्हणाले. "मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच."

"कुठे जायचंय सांग, मी नेतो."

"एकटीला जायचंय."

"कुठे पण?"

"अहो, कुठे ते महत्त्वाचं नाही. एकटीला."

मास्तरांनी जरा वेळ विचार केला. मग चपला घालत म्हणाले, "चल, मी सोडतो."

त्याच सुमारास स्कूलची जुनी गाडी निवृत्त झाली आणि नवी आली. नवी गाडी हुशार होती. सोबत चारशे बारा पानांचं पुस्तक होतं. मास्तरांनी ते उघडलं, वजन बघितलं आणि बायकोच्या हातात दिलं. बाईंनी ते दोन दिवसांत संपवलं, फॉर्म तपासतात तसं, पेन्सिल हातात धरून.

"हे बघा," त्या सांगायला लागल्या, "हिच्या नाकात रडार आहे आणि काचेच्या वर, आरशामागे, कॅमेरा. आपण फक्त वेग ठरवायचा. पुढे रस्ता मोकळा असला तर ही त्या वेगानं जाते. पुढे गाडी आली की रडार तिच्यावर लहरी सोडतं, त्या आपटून परत येतात. त्यावरून ती किती लांब आहे, जवळ येतेय की लांब जातेय, हे हिला कळतं. मग ही आपली आपण सावकाश होते."

"आणि ती गाडी गेली बाजूला?"

"मग परत वेग घेते. मधलं अंतर आपण सांगायचं. मीटरमध्ये नाही हं, सेकंदांत. दीड, दोन, अडीच. म्हणजे वेग वाढला की अंतरही वाढतं."

"हे मी एकतीस वर्षं बोंबलून सांगतोय."

"हो, ही बोंबलत नाही. कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे बघतो. पट्टा सुटायला लागला की स्टिअरिंगला जरासा धक्का देते. हात सोडले की 'हात ठेवा' म्हणते. ऐकलं नाही तर टिंग वाजवते."

बाईंनी पुस्तक मिटलं. त्यांच्या डोक्यात एक हिशेब चालू होता. पट्टा सुटला की सांगणं, अंतरावरून कटकट करणं, हात कुठे आहेत ते बघणं, मनात आलं की ब्रेक लावणं. अशी एक यंत्रणा आपल्या घरी लग्नापासून आहे. गाडीतली तेवढी बटणानं बंद होते.

"यात एक गोष्ट लिहिलीय," त्या म्हणाल्या. "आधीपासून उभी असलेली वस्तू भर वेगात हिला नीट कळेलच असं नाही. रस्त्याकडेचे खांब, पाट्या, पूल, सगळ्यांनाच घाबरायला लागली तर ही जागची हलायचीच नाही, म्हणून उभ्या वस्तूंकडे थोडं दुर्लक्ष करते. तेव्हा लक्ष आपणच ठेवायचं."

"म्हणजे मी लागतोच," मास्तर म्हणाले, आणि समाधानानं उठले.

जुन्या गाडीतला जादा ब्रेक काढून नव्या गाडीत बसवला. बाई स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी, अशी स्वारी गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर निघाली. बाईंनी क्रूझचं, म्हणजे गाडीनं आपला वेग आपण सांभाळायचं, बटण दाबलं. पडद्यावर हिरवं चित्र उमटलं. पुढे एक टेम्पो होता, नवी गाडी शहाण्यासारखी त्याच्यामागून चालायला लागली. दहा सेकंदांनी टिंग झालं आणि चित्र करडं पडलं. क्रूझ सुटला होता.

बाईंनी परत लावला. परत टिंग. असं घरी येईपर्यंत चाललं.

"बघ," मास्तर म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवायला त्यांना खिडकीबाहेर बघावं लागलं. "दम नाही. डब्बा आहे नुसता. माझ्यासारख्या माणसाला बदली द्यायची म्हणजे काय खायचं काम आहे?"

त्यांनी वर्कशॉपला तक्रार केली. तीन दिवसांत तीनदा. शेवटी वर्कशॉपनं एक तरुण मुलगी पाठवली. तिच्या एका हातात लॅपटॉप होता, दुसऱ्या हातात वायर, आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आधी तिनं विचारलं, रडारपुढे काही लावलंय का, काचेवर कॅमेऱ्यासमोर काही चिकटवलंय का. लावलं नव्हतं. मग तिनं स्टिअरिंगखाली वायर खोचली, लॅपटॉप मागच्या सीटवर ठेवला आणि म्हणाली, "काका, बसा शेजारी. मी चालवते."

अकरा किलोमीटर जाऊन परत आल्यावर ती म्हणाली, "आता काकू बसा."

पुन्हा तेच अकरा किलोमीटर. बाईंसोबत असताना टिंग एकदाही झालं नाही. सिग्नलला पुढची गाडी थांबली, ही थांबली. पुढची निघाली, मुलीनं बटणाला बोट लावलं, ही निघाली. बाई हात मांडीवर ठेवून हे सगळं बघत होत्या. शेजारी बसून कुणी काहीच करत नाही, असा प्रवास त्यांनी पहिल्यांदाच केला.

परत आल्यावर मुलीनं लॅपटॉप बॉनेटवर ठेवला.

"सापडला फॉल्ट," ती म्हणाली.

"रडार ना?" मास्तर.

"नाही. ब्रेकला पाय लागला की क्रूझ सुटतो. सुटायलाच पाहिजे. गाडीला वाटतं, माणसाला काहीतरी दिसलंय. तुमच्यासोबत ब्रेक सत्तेचाळीस वेळा दबलाय. मी दाबलेला नाही."

"मग कुणी?"

मुलीनं लॅपटॉप मिटला. बाईंनी आभाळाकडे बघितलं.

"मी तर नुसता बसलो होतो!" मास्तर म्हणाले. ते अगदी खरं बोलत होते. म्हणजे कमरेच्या वरच्या भागापुरतं.

"काका, वॉरंटीत तुम्ही बसत नाही," मुलगी म्हणाली. "घरीच काय ते बघा."

घरी बघण्यात चार दिवस गेले. मास्तरांनी सीटवर मांडी घालून बसून बघितलं. पहिल्या चौकात मांडी सुटली. बूट काढून बसले. पाय अनवाणी दाबायला लागला आणि आणखी तरबेज झाला. पायाखाली उशी घेतली, तर उशीसकट ब्रेक. मागच्या सीटवर बसले, तेव्हा बाईंच्या पाठीत सीटमधून असे गुद्दे बसले की त्यांना फूटपाथला गाडी लावून खाली उतरावं लागलं. "मी मुद्दाम करत नाही गं," मास्तर कळवळून म्हणाले, आणि ते बाईंना दिसत होतं. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

परीक्षेला पंधरा दिवस उरले होते. गाडी पहिल्या सर्व्हिसिंगला वर्कशॉपमध्ये होती. बाई तिथे गेल्या.

"मला ब्रेक दाबायला शिकायचंय," त्यांनी लॅपटॉपवालीला सांगितलं. "आमचे हे दाबू देत नाहीत."

"शेजारी दुसरं कुणी बसवा."

"लायसन्सवालं दुसरं कोण रिकामं आहे? आणि त्यांना सांगू कसं, की तुम्ही नको म्हणून? एकतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही माणसाला खरचटलं नाही. आहे काय ते त्यांच्याकडे, तर हा पाय आहे."

मुलीनं बराच वेळ नखानं टेबलावर टिकटिक केली. मग ती गाडीत वाकली आणि दोन मिनिटांनी बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात करंगळीएवढी पिन होती.

"दांड्याच्या टोकाची आहे," ती म्हणाली. "आता काकांचा पेडल हलेल, पण कशालाच जोडलेला नाही. स्प्रिंग आहे, त्यामुळे पायाला काही कळायचं नाही. शिकणाऱ्या इतर कुणाला ही गाडी द्यायची नाही. तुम्ही दोघंच, रिकामे रस्ते, आणि सावकाश. समोर अगदीच काही आलं तर गाडी स्वतः थांबायला बघते, पण तिच्या भरवशावर राहायचं नाही. आणि हे मी केलेलं नाही."

"कोणी काय केलं?" बाई म्हणाल्या, आणि पिन रुमालात बांधून पर्समध्ये टाकली. इतर शिकणाऱ्यांना त्यांनी फोन करून कळवलं की गाडीला सुट्टी आहे. मास्तरांना सांगितलं, परीक्षेपर्यंत गाडी माझी एकटीची. तेही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली, आणि ती घेतली गाडीनं. मोठ्या रस्त्यावर बाई क्रूझ लावायच्या आणि पुढची गाडी सावकाश झाली की आपली गाडी कुठल्या क्षणी हळू व्हायला लागते ते पायाच्या तळव्यानं ऐकायच्या. ती फार आधी सुरू करायची. हलकेच. पेला भरून नेताना माणूस चालतो तशी. बाईंना वाटायचं, ब्रेक म्हणजे दण्णकन. इथे तर थांबायला सुरुवात केल्याचं पोटातल्या पाण्यालासुद्धा कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक खेळ काढला: गाडीनं ब्रेक लावायच्या आधी आपण लावायचा. पहिल्यांदा गाडी जिंकायची. मग बरोबरी. सहाव्या दिवशी बाईंनी तिला ओळीनं अकरा वेळा हरवलं. मग क्रूझ बंद करून त्या गावात शिरल्या.

आणि मास्तर? मास्तरांचे असे दिवस कित्येक वर्षांत आले नव्हते.

"काय सुरेख थांबली!" ते म्हणायचे. "बघितलंस? लोण्यात सुरी गेल्यासारखी. वय झालं म्हणतात लोक. पाय बघा म्हणावं माझा." संध्याकाळी ते समोरच्या झेरॉक्सवाल्याला हातवारे करून सांगायचे, की नव्या गाडीत आपला ब्रेक कसा मऊ लागतो, आणि तरी पकड कशी आहे. क्रूझही आता उगाच सुटत नव्हता. तेव्हा त्यांनी गाडीलाही माफ केलं. "रुळली हो माझ्या हाताखाली," ते म्हणाले.

एकदा चौकात एक ट्रक अचानक आडवा आला. बाईंनी ब्रेक दाबला, गाडी ट्रकपासून दोन हातांवर उभी राहिली. मास्तरांनी कपाळ पुसलं. "वाचवलं तुला," ते धापा टाकत म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "वाचवलंत."

घरी येईपर्यंत सांगून टाकावं असं दोनदा त्यांच्या तोंडापर्यंत आलं. पण मास्तर शीळ घालत होते.

परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी इस्त्रीची पांढरी पँट घातली. परीक्षा जणू तिचीच होती. कचेरीच्या आवारात इन्स्पेक्टर आला. हा तोच, तीनदा शेरा मारलेला. पातळ, शांत, हातात फळी, फळीवर कागद. तो शेजारच्या सीटवर बसला, नियमाप्रमाणे आपल्या बाजूचा ब्रेक दाबून बघितला, आणि थांबला. पुन्हा दाबला. मग स्टिअरिंगखालच्या पेडलकडे बघत तिसऱ्यांदा दाबला. तो पेडल जागचा हलला नाही.

"मॅडम, हा ब्रेक कशाला जोडलाय?"

बाईंनी पर्स जवळ ओढली. ट्रक, चौक, उतार सगळ्याचा विचार त्यांनी केला होता. हा नियम पाठ असूनही याचा नेमका केला नव्हता. गेले पंधरा दिवस त्या पेडलला त्या ब्रेक मानतच नव्हत्या.

"कशालाच नाही," त्या म्हणाल्या.

"कशालाच नाही कसा?" बाहेर उभे असलेले मास्तर खिडकीतून आत वाकले. "काल संध्याकाळी मी त्यानंच गाडी थांबवली!"

इन्स्पेक्टरनं मास्तरांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि सज्जन माणूस असल्यामुळे फळीवरच्या कागदात काहीतरी शोधायला लागला.

"किती दिवस?" मास्तरांनी विचारलं.

"चौदा."

"परीक्षकाचा ब्रेक चालत नसेल तर परीक्षा घेता येत नाही," इन्स्पेक्टर कागदालाच म्हणाला. "माझ्याकडे पुढची परीक्षा साडेअकराला आहे. आत्ता अकरा वाजलेत. दहा मिनिटांत हा जोडा, नाहीतर मला गैरहजर लिहावं लागेल."

बाईंनी पर्स उघडली, रुमालाची गाठ सोडली आणि पिन तळहातावर धरली. मास्तर पिनकडे बघत राहिले. त्यांच्या मानेवर लाली चढत गेली आणि कानापाशी येऊन थांबली. बाईंना वाटलं, हे आता वळतील आणि फाटकातून चालू पडतील; आणि गेले तर त्यांना नावं ठेवता येणार नाहीत.

मास्तरांनी पिन उचलली. इन्स्पेक्टरला म्हणाले, "साहेब, उतरता का जरा?" आणि पांढऱ्या पँटसकट गाडीत आडवे झाले. डोकं पेडलखाली, पाय दाराबाहेर.

आतून खुडबुड ऐकू यायला लागली. मग आवाज आला.

"चौकातला ट्रक?"

"मीच," बाई म्हणाल्या.

"शाळेसमोर पोरं धावत आली तेव्हा?"

"मीच."

"आणि त्या उतारावर, भाजीच्या हातगाडीमागे?"

"तो गाडीनं दाबला. मी तुमचं कौतुक करत होते, लक्ष नव्हतं."

खुडबुड थांबली. दाराबाहेर आलेला उजवा पाय एकदा हवेत दबला.

"उतारावर जरा आधीपासून धरायचा," आतून आवाज आला. "तेवढं सोडलं तर बरोबर होतं. लोण्यासारखं होतं." मग पिन बसल्याचा खट्ट आवाज झाला.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी परीक्षा सुरू झाली. "सगळे मदतनीस बंद करा," इन्स्पेक्टर म्हणाला. बाईंनी पडद्यावर शोधून एकेक चित्र विझवलं. रस्त्यावर आल्या. दोन सिग्नल झाले, एक वळण झालं. बँकेसमोर कडेला उभ्या असलेल्या मोटारीचं दार एकदम उघडलं आणि एक बाई फोनवर बोलत बाहेर पडल्या. इन्स्पेक्टरचा पाय उचलला गेला. तो खाली यायच्या आत गाडी थांबली होती. त्यानं पाय सावकाश चटईवर ठेवला. फोनवरच्या बाईंना काहीच कळलं नाही. त्या गाडीसमोरून बोलत बोलतच गेल्या.

परत आल्यावर इन्स्पेक्टरनं कागद भरला, शिक्का मारला आणि फाडून बाईंना दिला. बाईंनी सवयीनं तो आधी चुका आहेत का म्हणून तपासला. नव्हत्या. खाली लिहिलं होतं: "उत्तीर्ण. परीक्षकाच्या ब्रेकची गरज पडली नाही."

फाटकापाशी मास्तर उभे होते. पँटच्या गुडघ्यांना ग्रीस लागलं होतं. त्यांनी कागद वाचला, दोनदा. मग वाकून गाडीच्या पुढचं आणि मागचं शिकाऊचं लाल अक्षर नखानं सोलून काढलं. ती दोन्ही हातात धरून ते शेजारच्या दाराकडे आले आणि त्यांनी कडी ओढली. दार आतून बंद होतं.

बाईंनी काच खाली केली.

"अहो, तुम्ही बसनं या."

"का? गाडी आहे की."

"आहे. आणि आता शेजारी कुणी लागत नाही. कागदावरच लिहिलंय."

मास्तरांनी तोंड उघडलं, पाच-सात सूचना तिथे एकदम येऊन अडकल्यासारख्या झाल्या, आणि त्यातली एकच बाहेर पडली. "कुठे चाललीस ते तरी सांग."

"मलाच माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कळलं की फोन करते."

त्यांनी इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, मान वळवून बघितलं आणि गाडी बाहेर काढली. कोपऱ्यावरच्या सिग्नलला पिवळा दिवा लागला. त्यांनी बऱ्याच आधीपासून, हलकेच, ब्रेक धरला. शेजारची सीट रिकामी होती आणि कुणी काही म्हणालं नाही. घर उजवीकडे होतं. बाईंनी डावा इंडिकेटर लावला आणि दिवा हिरवा व्हायची वाट बघत बसल्या.